आजाऱ्याचं खाणं

आधीची दोन लेकरं हातची गेली, म्हणून बुलढाण्याजवळच्या धाड गावी एका आईबापानं तिसऱ्याचं नाव कडूबा ठेवलं. नाव कडू असलं की काळसुद्धा तोंड वाकडं करून पुढच्या घरी जातो, असा तिकडचा समज. काळ गेला खरा, पण जाताना पोराच्या पायात काहीतरी सोडून गेला. कडूबा एका जागी दोन घटका बसेल तर शपथ. आई जेवायला वाढायची आणि हा उभ्यानंच भाकरी हातात घ्यायचा. भाकरी संपेपर्यंत तो अंगणातून रस्त्याला आणि रस्त्यावरून गावाबाहेर लागलेला असायचा.

बाराव्या वर्षी असाच जो चालत सुटला तो बुलढाण्याला पोचला. तिथं एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यात म्हाताऱ्या खानसाम्याच्या हाताखाली भांडी घासायला राहिला आणि बघता बघता टोस्ट करायला शिकला. टोस्ट म्हणजे चहात बुडवायचा तो कडक टोस नव्हे. साहेबाकडं संध्याकाळी पाहुणे जमायचे, तेव्हा शिळ्या पावाच्या पातळ चकत्या काढायच्या, निखाऱ्यांवर जाळी ठेवून दोन्ही अंगांनी भाजायच्या, तुपाचा हात फिरवायचा आणि वर चमचाभर काहीतरी गोड नाहीतर तिखट ठेवायचं. दोन घासांत संपलं पाहिजे, हात बरबटता कामा नयेत. खानसामा सांगायचा, पाव ताजा घेशील तर सुरीखाली फाटेल, आणि सारण आधी लावशील तर लगदा होईल. पाहुण्याचा हात पुढं यायला आणि सारण पडायला एकच गाठ पडली पाहिजे. कडूबानं हे सगळं मनावर घेतलं. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्यानं पुरती शिकून घेतली, असं म्हटलं तरी चालेल.

साहेबाच्या दौऱ्यांवर सारखं हिंडायला मिळायचं, म्हणून तिथं तो टिकला. सत्तेचाळीस साली साहेब गेला आणि कडूबा मोकळा सुटला. खामगावची बेकरी, शेगावचं हॉटेल, मलकापूरच्या स्टेशनावरचा स्टॉल, परत खामगाव. कुठं भांडण नाही, कुठं चोरीचा आळ नाही. एक दिवस सकाळी उठून हा चालू लागायचा. कुणी विचारलं, "काऊन सोडलं बे?" तर एकच उत्तर, "करमेना."

बरं, एकटा असता तर कुणाचं काय गेलं असतं? पण उंद्रीच्या केसरबाईशी त्याचं लग्न झालं होतं. ती बिचारी तीन गावं त्याच्यामागं हिंडली, तीनदा चूल मांडली, तीनदा मोडली. चौथ्यांदा तो म्हणाला, "चाल, परत खामगावले जाऊ," तेव्हा ती चुलीपुढून उठलीच नाही. नंतर भावाकडं उंद्रीला जाऊन राहिली. पोटी मूल नव्हतं. भावाच्या शेतात राबायचं आणि भावजयीचं ऐकायचं, यात तिची नऊ वर्षं गेली. कडूबा दिवाळीला जायचा. तिसऱ्या दिवशी त्याचे तळवे खाजू लागायचे आणि केसरबाई त्याची पिशवी भरून द्यायची. तिला राग यायचा नाही असं नाही. पण वाऱ्याशी भांडून काय हाती लागतं?

अशात पंचायत समित्या आल्या. तालुक्याच्या गावी नवी इमारत उभी राहिली, मागं एक खोली कँटीनसाठी काढली, आणि ते कँटीन कुणाला द्यायचं याची चर्चा सुरू झाली. कडूबा तेव्हा त्याच गावात एका हॉटेलात भजी तळत होता. बीडीओ साहेब पुण्याकडचे, नवीन नवीन. त्यांच्या कानावर गेलं की हा माणूस इंग्रजाच्या बंगल्यावर होता. त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "कडूबा, उद्‌घाटनाला तोच तो चिवडा आणि लाडू नको. तुम्ही टोस्ट करा. गोड आणि तिखट, दोन्ही. सभापतींना पसंत पडलं तर कँटीन तुमचं."

सभापती म्हणजे नारायणराव. तीस एकरांचे धनी, धोतर आणि काळा कोट, आवाज खणखणीत. त्यांनी मान हलवली. टोस्ट म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही; सभापतीनं विचारायचं नसतं.

कडूबानं त्याच दिवशी उंद्रीला निरोप धाडला. वय चाळिशीच्या पुढं गेलं होतं, आणि भजी तळता तळता हल्ली त्याला केसरबाईची सय जरा जास्तच यायची. उलट निरोप आला तो असा : 'येते. हाताखाली कोणी पाहिजेच. कँटीन मिळालं तर राहते. नाही मिळालं तर साडेसहाच्या गाडीनं परत जाते, आणि मग मला घ्यायला येऊ नका.'

पुसातले दिवस होते. सकाळच्या एसटीनं केसरबाई आली ती एक गाठोडं घेऊन. ते तिनं कँटीनच्या दाराशीच ठेवलं, आत आणलं नाही. कडूबाच्या नजरेतून ते सुटलं नाही. जाता येता त्याचा पाय गाठोड्याला लागायचा.

पाव आदल्या दिवशीच खामगावहून आले होते. केसरबाईनं पदर खोचला आणि त्यानं दाखवलं तशा चकत्या काढायला बसली. चार-सहा पाव झाल्यावर तिनं सुरी थांबवली.

"एक इचारू? हे लोकं खातीन ना?"

"काऊन नाई खानार?"

"नाई, आपल्याकडं पाव खाते कोन? मले मुदतीचा ताप आला होता, तवा भावानं आनला होता. दुधात चुरून देल्ला. त्याच्यानंतर आजच पाहून राह्यली."

"थे साधा पाव. हे टोस्ट हाये," कडूबा म्हणाला. "साहेबाच्या बंगल्यावर मोठमोठे लोकं खायचे."

"बंगल्यावर गोरे लोकं होते. इथं सरपंच येऊन राह्यले."

कडूबानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. इथंच चुकलं. त्या मुलखातल्या खेड्यात पाव घरात आला की शेजारीण विचारायची, कोण पडलं? भाकरी पचत नाही त्याला पाव. बाजारातून पावाचा पुडा घेऊन कुणी निघाला की लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. हे धाडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कडूबाची सारी उमर साहेबाच्या मुदपाकखान्यात, बेकरीत आणि स्टेशनावर गेलेली. घरच्या माणसांत तो राहिलाच कधी, म्हणून त्याला आठवावं?

तीनला सगळी तयारी झाली. तिखटात तुरीच्या सोल्यांचा, म्हणजे ओल्या दाण्यांचा ठेचा, लसूण आणि हिरवी मिरची सढळ हातानं घातलेला. दुसरं उकडलेल्या बटाट्याचं, कांदा आणि लिंबू पिळून. गोडात साय आणि पिठीसाखर, वर वेलदोडा. शिवाय गूळ, तीळ आणि खोबऱ्याचं एक, खास संक्रांतीच्या महिन्याचं. भाजलेल्या चकत्यांचे ढीग चार टोपल्यांत फडक्याखाली झाकून ठेवले. आता सारण लावायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते पाहुणे आल्याशिवाय लावायचं नव्हतं.

पाहुणे यायचे होते जिल्ह्याच्या गावाहून, जीपनं. साडेतीन झाले, जीप नाही. पावणेचार झाले, जीप नाही. कडूबा दारात गेला, आत आला, निखाऱ्यांवर फुंकर मारली, परत दारात गेला. सारण लावू का? लावलं आणि जीप आली नाही तर लगदा. नाही लावलं आणि जीप आली तर दीडशे माणसांची गर्दी एकदम अंगावर. त्यानं एका चकतीवर ठेचा लावला, पुसून काढला, चकती बाजूला टाकली. पुन्हा दुसरी घेतली. जन्मात या माणसाला थांबणं म्हणून जमलं नव्हतं, आणि नेमकं आज सगळं थांबण्यावर येऊन ठेपलं होतं.

"बसा ना जरासाक," केसरबाई म्हणाली.

"बसलो तं मरून जाईन मी."

"इतके दिवस बसले नाई, म्हून जित्ते हा का?"

एरवी तो यावर हसला असता. आज त्याला गाठोडं दिसत होतं. ही गेली तर आपल्याला विचारणारं जगात कुणी उरत नाही, हे त्याला तिथं त्या निखाऱ्यांपाशी उभ्याउभ्या पहिल्यांदा कळलं आणि त्याची खरोखर घाबरगुंडी उडाली.

जीप सव्वाचारला आली. फीत कापली, हार झाले, भाषणं झाली. भाषणं कुणाला आवरतात? पावणेपाचला टाळ्या वाजल्या आणि कडूबाचे हात सुटले. चमचा सारणात, चमचा पावावर. केसरबाई तुपाचा हात फिरवतेय, हा ठेवतोय, शिपाई ताटं उचलून पळतायत. शेवटचं ताट बाहेर गेलं तेव्हा एकही टोस्ट मऊ पडला नव्हता. खानसामा हयात असता तर पाठ थोपटली असती. कडूबानं घाम पुसला आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

सरपंच मंडळी रांगेनं बसली होती. पुढ्यात बशा आल्या. ज्यानं त्यानं बशीकडं पाहिलं आणि मग शेजाऱ्याकडं पाहिलं. जिल्ह्याचे दोन साहेब आणि बीडीओ खाऊ लागले. बाकी कुणी हात लावेना. बीडीओ साहेब म्हणत होते, घ्या, घ्या. लोक म्हणत होते, हो हो, घेतो. आणि बशी तशीच. मग डोणगावकडचे एक म्हातारे व्याही, उकंडराव, नारायणरावांचे जवळचे पाहुणे, हळूच उठून सभापतींच्या खुर्चीपाशी गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कवापासून हाये?"

"काय?" नारायणराव म्हणाले.

"तबेत म्हनतो मी. आमाले कळवलं नाई तुमी."

"कोनाची तबेत?"

उकंडरावांनी बशीकडं पाहिलं आणि सुस्कारा सोडला. एवढं पुरलं. एवढाले पाव तालुक्यात आले म्हणजे कुणाच्या घरी आले असणार? आणि नारायणराव हल्ली उतरलेलेच दिसत होते. उपासातिपासानं असेल, पण दिसत होते. एकेक जण उठून येऊ लागला. कुणी नागपूरच्या डॉक्टरचं नाव सांगितलं, कुणी गुळवेलीचा काढा सुचवला. हिंमतराव तर निवडणुकीत पडल्यापासून नारायणरावांशी बोलत नव्हते, तेही आले आणि त्यांचा हात हातात घेऊन इतक्या गोड आवाजात म्हणाले, "तुमी काई चिंता करू नोका, आराम करा. समितीचं आमी पाहून घेऊ."

झालं. नारायणराव उठले ते तडक मागच्या खोलीत आले. त्यांचा चेहरा पाहून केसरबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"कोन्या अकलेनं हे केलं बे?" ते कडूबाला म्हणाले. "आजाऱ्याचं खानं माह्या कारेक्रमात? भल्या मानसाले जित्तेपनी लोकं भेटाले येऊन राह्यले. उचल हे समदं. डोळ्यापुढं नोको मले."

कँटीनचा शब्द त्यांनी काढला नाही. तो काढायची गरजही नव्हती. बीडीओ साहेब दारात घुटमळले, पण सभापतींच्या मागोमाग तेही निघून गेले. ताटं गेली तशी परत आली. चार टोपल्यांतले टोस्ट गेले होते, साडेतीन टोपल्या परत भरल्या.

कडूबानं खुंटीवरचा कोट ओढला. मग त्याचं तोंड सुटलं. "अकोल्याले एक ओळखीचा हाये माहा. बेकरीवाला. आत्ताच्या आत्ता निघालो तं..." बोलता बोलता तो कोट अंगात घालत होता. एक हात बाहीत गेला, दुसऱ्या हाताला बाही सापडेना. "तू उंद्रीले जाय. मी अकोल्याहून निरोप धाडतो. नाई तं नाई धाडत. काय करतं निरोपाले."

केसरबाई त्याच्याकडं पाहत होती. तिला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्या नारायणरावाचा आला होता. सकाळपासून ज्या माणसाला तिनं एकेक चकती जपून भाजताना पाहिलं, त्याला असं बोलावं कुणी? तिनं फडकं उचलून टोपल्यांवर टाकलं.

"अन् हे?"

"फेकून दे."

"अन्न हाये. फेकाचं?" तिनं एक टोपली डोक्यावर घेतली. "या गावात पाव कोन खाते, सांगा मले."

कडूबाचा दुसरा हात बाहीबाहेरच राहिला.

"आजारी खातेत. दवाखाना कुठीसाक हाये? चाला. ज्याचं खानं त्याले नेऊन देऊ, मंग जा अकोल्याले."

सरकारी दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. पुढं केसरबाई, डोक्यावर टोपली आणि काखेत आपलं गाठोडं; मागं कडूबा, एक टोपली डोक्यावर आणि एक बगलेत. उरलेली शिपायानं आणून दिली. व्हरांड्यात आजाऱ्यांचे नातेवाईक चुली मांडून बसले होते, आत दोन ओळींत खाटा. सिस्टर आधी अंगावर आली. केसरबाईनं तिच्या हातावर सायीचा टोस्ट ठेवला. तिनं तो खाल्ला, दुसरा घेतला आणि म्हणाली, पथ्यवाल्यांना तिखट देऊ नका, गोडही विचारून द्या. व्हरांड्यातल्या लोकांना कुणी पथ्य सांगितलं नव्हतं. पावाकडं पाहून तिथं कुणी नाक मुरडलं नाही. दवाखान्यात पाव दिसला तर नवल कसलं?

तिसऱ्या खाटेवर अन्नपूर्णाबाई नावाची म्हातारी होती. बावीस दिवस दूध आणि पाव, दूध आणि पाव. तिच्या तोंडाची चव गेली होती आणि जिभेची धार तेवढी शाबूत होती. पाव दिसताच तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. सिस्टर म्हणाली, हिला आता चालेल, परवा सुट्टी आहे हिला. केसरबाईनं सोल्यांच्या ठेच्याचा टोस्ट पुढं धरला. लसणीचा वास गेला तशी म्हातारी वळली. तिनं बोटानं ठेचा चाखला, डोळे मिटले आणि परत चाखला.

"मिरची हाये," ती म्हणाली. "मले मिरची देऊन राह्यले. मंग बरी झाली मी." आणि व्हरांड्याकडं तोंड करून तिनं आपल्या लेकाला हाक मारली, "इंद्रभान, गाडी जुप. मिरची देल्ली मले."

सगळा वॉर्ड हसला. उठून बसता येत नव्हतं तेही हसले. मग जो तो मिरची मागू लागला आणि सिस्टरची तारांबळ उडाली. व्हरांड्यातून हात पुढं येत होते, टोपली रिकामी होत होती, आणि कडूबा दोन खाटांच्या मध्ये उभा होता. इतकी वर्षं त्यानं टोस्ट केले, पण बंगल्यावर ताट दारातून आत जायचं आणि दार लागायचं. माणूस ते खातो कसा, पहिला घास घेतल्यावर त्याचे डोळे कसे होतात, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आज पाहत होता. एका पोरीनं गुळाचा टोस्ट चाटून चाटून अर्धा केला आणि अर्धा बापासाठी पदरात बांधला, तेव्हा कडूबाला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. किती वेळ तो तिथं उभा होता, हे त्याला कळलंच नाही.

दवाखान्यासमोरच्या स्टँडवर उंद्रीच्या गाडीनं हॉर्न दिला. केसरबाईनं मान वर केली. कडूबानंही ऐकलं. तिचं गाठोडं तिच्या पायाशी होतं. राहा असं तो कोणत्या तोंडानं म्हणणार? कँटीन तर गेलं होतं.

अन्नपूर्णाबाई ठेचा संपवून बोटं पुसत होती. तिनं केसरबाईला खाटेवर जवळ बसवून घेतलं.

"बाई, तुहं कोन आजारी हाये इथं? समद्याइले देऊन राह्यली, तुहा मानूस कोन्या खाटीवर हाये?"

केसरबाईनं कडूबाकडं बोट केलं. "हे काय, उभे हायेत."

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "धडधाकट तं दिसते. काय झालं त्याले?"

"एका जागी टिकत नाईत. लगीन झालं तवापासून हाये."

"औषिद?"

"नाई त्याले औषिद."

गाडीचा दुसरा हॉर्न झाला. म्हातारी म्हणाली, "तुही गाडी असन तं जाय, बाई. उशीर होईन."

केसरबाई उठली, तिनं गाठोडं पायानं खाटेखाली सरकवलं आणि रिकाम्या झालेल्या टोपलीतला चुरा झटकू लागली.

"कशी जाऊ, मावशी," ती म्हणाली, "आजाऱ्यापाशी कोनी तरी राहा लागते."